इम्पालाचा डेल्को रेडिओ: तारा मोजक्याच, पण स्पीकर दहा ओहमचाच

गॅरेजमध्ये ‘डेल्को’ म्हटलं की आपल्याकडचा मेकॅनिक डिस्ट्रिब्युटरकडे हात नेतो. इथे बोलायचंय ते त्याच घराण्यातल्या दुसऱ्या डेल्कोबद्दल: इंडियाना राज्यातल्या कोकोमो गावी जनरल मोटर्सच्या डेल्को रेडिओ विभागात बनलेला, १९६५ च्या शेव्हरोले इम्पालाच्या डॅशबोर्डात बसणारा पुश-बटणांचा एएम रेडिओ. मुंबई-पुण्याच्या व्हिंटेज रॅलीत अशा इम्पाला दिसतात, डॅशबोर्डात रेडिओही दिसतो, पण वाजताना क्वचितच ऐकू येतो. मागे हात घातला तर टेपात गुंडाळलेली तारांची शेपटं लागतात आणि ‘सेट गेलाय’ एवढंच उत्तर मिळतं. सेट वयानं गेलेला असतोच असं नाही. बरेचदा तो चुकीच्या स्पीकरवर, किंवा स्पीकरशिवायच, वाजवून मारलेला असतो.

जोडण्या खरं तर चारच. पिवळी तार म्हणजे पॉवर, करडी म्हणजे डायलच्या दिव्याची, हिरवी स्पीकरची, आणि चौथी अँटेनाची केबल. पाचवी जोडणी तारेशिवायची: सेटचा पत्र्याचा डबा हीच त्याची अर्थिंग (अर्थ). रंग लिहिले असले तरी ते गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचे. साठ वर्षांत किती हात फिरले असतील सांगता येत नाही, तेव्हा रंगावर नाही, मल्टिमीटरवर विश्वास ठेवा.

आधी टेबलावर

सेट थेट गाडीत बसवून ‘बघू वाजतोय का’ हा प्रकार करू नका. पहिली तपासणी टेबलावर, आणि तीसुद्धा स्पीकर जोडूनच.

१२ व्होल्टची चांगली बॅटरी घ्या. पॉझिटिव्हच्या वाटेत इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब सीरिजमध्ये टाका, निगेटिव्ह डब्याच्या उघड्या पत्र्याला चिमट्यानं पकडा. रेडिओ चालू केला की बल्ब मंद पेटला पाहिजे. लख्ख पेटला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. बंद करा, बल्बानं सेट वाचवला. अजिबात पेटला नाही तर स्विच, तार किंवा आतला फ्यूजिबल रेझिस्टर (फ्यूजसारखा जळणारा रोध) तुटलाय. मंद पेटतोय आणि स्पीकरमध्ये बारीक खरखर आहे, तर बल्ब काढून त्याजागी ३ अँपिअरचा काचेचा फ्यूज लावा आणि करंट मोजा. पूर्ण ट्रान्झिस्टरचा हा सेट साधारण एक ते दीड अँपिअर खातो, आणि आवाज कमी असो की जास्त, जवळपास तेवढाच. शेवटचा ट्रान्झिस्टर क्लास-ए पद्धतीनं चालतो, म्हणजे तो कायम उघडाच असतो. म्हणूनच त्याच्या मागचा ॲल्युमिनियमचा पंखा (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्या) दहा मिनिटांत चांगला तापतो. तो दोष नाही. बोट टेकवताच चटका बसून हात मागे येत असेल, तर मात्र बायस (ट्रान्झिस्टर किती उघडा राहील ते ठरवणारं व्होल्टेज) वर सरकलाय.

त्या ट्रान्झिस्टरची धातूची टोपी म्हणजेच त्याचा कलेक्टर (एमिटर, बेस, कलेक्टर या तीन टोकांपैकी एक). डब्यापासून तिला वेगळं ठेवतो तो फक्त अभ्रकाचा एक पातळ पापुद्रा. सेट साफ करताना टोपीचे स्क्रू सहज म्हणून ढिले केले, पापुद्रा तडकला, पुन्हा आवळले की कलेक्टर थेट डब्याला टेकला. काढायचाच असेल तर नवा अभ्रक आणि दोन्ही बाजूंना सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर. आणखी एक: हा ट्रान्झिस्टर जर्मेनियमचा, पीएनपी जातीचा. बाजारात मिळणारा सिलिकॉनचा कुठलाही पीएनपी त्याजागी लावून चालत नाही, कारण जर्मेनियमला बेसवर ०.२ व्होल्टच्या आसपास लागतात आणि सिलिकॉनला ०.६. बायसचं गणितच बदलतं.

एमिटरच्या वाटेत अर्ध्या ओहमच्या आतबाहेरचा एक फ्यूजिबल रेझिस्टर असतो. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की हा जळतो आणि बाकीचं घर वाचवतो. जळलेल्या रेझिस्टरच्या जागी तारेचा तुकडा सोल्डर केलेला दिसला, तर समजा आधी कुणीतरी ‘दुरुस्ती’ केलीय, आणि बाकीचा सेटही त्याच नजरेनं तपासा.

इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर मात्र विचार न करता बदला. साठ वर्षांचा इलेक्ट्रोलिटिक वाजतोय म्हणून ठेवण्यात शहाणपण नाही. मायक्रोफॅरड तेवढेच किंवा थोडे जास्त, व्होल्ट किमान २५, कारण चालत्या गाडीत १४ च्या वर व्होल्ट येतात. फिल्टरचा कंडेन्सर सुकला की आवाजात गुरगुर येते, किंवा मोटारबोटीसारखं फट-फट-फट सुरू होतं. व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये (नॉबमागच्या फिरत्या रोधात) कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे आणि वीस-पंचवीस वेळा मागेपुढे फिरवणं पुरतं. गंज सोडवायचा स्प्रे तिथे नको, आणि बटणांच्या यंत्रणेतल्या क्लचवर तेलाचा थेंबही नको. तो क्लच घर्षणावर चालतो. तेल लागलं की बटण दाबूनही काटा सरकत नाही.

स्पीकर

या सेटचा कारखान्यातला स्पीकर १० ओहमचा. आज दुकानात मिळणारा कार स्पीकर ४ ओहमचा. अर्धी रडकथा या एका वाक्यात आली.

ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर एक चोक आहे, लोखंडी पट्ट्यांवर गुंडाळलेली तांब्याची कॉइल, आणि स्पीकर तिलाच जोडलेला. मधे वेगळा आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही, कंडेन्सरही नाही. चोकमध्ये साठलेली ऊर्जा प्रत्येक आवाजाबरोबर स्पीकरमध्ये रिकामी व्हायला हवी. स्पीकर जोडलेलाच नसेल तर ती जाणार कुठे? कलेक्टरवर उलट झटका बसतो, व्होल्टेज बॅटरीच्या कितीतरी वर उसळतं आणि जर्मेनियम ते फार वेळ सोसत नाही. म्हणून स्पीकर काढून सेट चालू करणं हे पहिलं पाप.

४ ओहमचा लावला तर सेट लगेच मरत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं चालतंय. पण भार जुळत नाही. आवाज आधी बारीक आणि मग फाटका येतो, माणूस व्हॉल्यूम वाढवतो, ट्रान्झिस्टर अजून तापतो. त्यात पुढे एक आणि मागे एक असे दोन ४ ओहमवाले समांतर जोडले की उरले २ ओहम. मे महिन्यात बंद काचांच्या गाडीत डॅशबोर्ड आधीच भट्टी झालेला असतो. तिथे अशी जोडणी फार दिवस टिकत नाही.

मोजताना मीटर १० ओहम दाखवणार नाही. मीटर कॉइलचा डीसी रोध मोजतो आणि तो लिहिलेल्या आकड्याच्या साधारण ८० टक्के भरतो. म्हणजे १० चा स्पीकर मीटरवर ८ च्या जवळपास, ८ चा साडेसहाच्या, आणि ४ चा सव्वातीन-साडेतीन दाखवतो. मूळ स्पीकर मेलाच असेल तर ८ ओहमचा लावा, बिनधास्त चालतो. दोन कॉइलचा बदली स्पीकर मिळाला, प्रत्येक कॉइल ४ ओहमची, तर दोन्ही कॉइल सीरिजमध्ये जोडा: पहिलीचा वजा दुसरीच्या अधिकला. झाले ८. स्पीकरसोबतच्या आकृतीतला समांतर जोडण्याचा पर्याय आपल्यासाठी नाही.

डॅशबोर्डातला स्पीकर लांबट अंडाकृती, ४ बाय १० इंची. वर विंडस्क्रीनखालची जाळी, त्यामुळे त्याच्यावर वरून ऊन आणि काच गळत असेल तर पावसाचं पाणीही. काढल्यावर स्पीकरचा कागदी कोन उजेडासमोर धरा. भेगा दिसतील. टिश्यू पेपरचे छोटे तुकडे आणि पाण्यात निम्मा पातळ केलेला पांढरा फेव्हिकॉल, दोन्ही बाजूंनी, आणि रात्रभर सुकू द्या. कडक होणारे गोंद टाळा. कोन लवचीक राहिला पाहिजे. मग दोन्ही अंगठे कोनच्या मध्याच्या दोन बाजूंना ठेवून हलकेच आत दाबा. खर्र असा घासल्याचा आवाज आला तर व्हॉइस कॉइल चुंबकाच्या फटीत घासतेय, आणि हा स्पीकर कोन बदलणाऱ्या कारागिराकडेच द्यायचा. आवाज न होता परत आला तर १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल दोन टोकांना क्षणभर टेकवा. ठक् वाजलं आणि कोन पुढे आला, तर सेलचं अधिक टोक ज्याला लागलं तेच स्पीकरचं अधिक.

मागे दुसरा स्पीकर हवाच असेल तर दोन्ही १० ओहमचे आणि मधे त्या काळचा वायर-वाऊंड फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरमध्ये आवाज वाटणारा नॉब). साधा व्हॉल्यूमचा कार्बन पॉट फेडर म्हणून लावला तर जळून वास येतो.

आता गाडीत

बॅटरीची निगेटिव्ह थिंबल काढून बाजूला बांधा, मगच डॅशबोर्डाखाली शिरा.

पॉवर फ्यूज बॉक्सवरच्या अशा जागेवरून घ्या जिथे चावी ॲक्सेसरीवर आणि चालूवर असताना १२ व्होल्ट येतात, बंदवर येत नाहीत. बॅटरीवरून थेट तार आणायची सवय सोडा. क्लास-ए सेट चुकून रात्रभर चालू राहिला तर सकाळी धक्का मारायला माणसं गोळा करावी लागतील. इग्निशन कॉइलच्या तारेवरूनही घेऊ नका. तिथे रोध आहे आणि खरखर फुकट मिळते. तार १ चौरस मिलिमीटरची ऑटो केबल, स्पीकरला पाऊण पुरते. ३ अँपिअरचा फ्यूज जिथून तार निघते तिथे, सेटजवळ नाही. पत्र्यातून तार जाते तिथे रबरी ग्रोमेट घाला.

डायलचा दिवा करड्या तारेवर, म्हणजे मीटर पॅनेलच्या डिमरवर. मूळ बल्ब ०.३३ अँपिअरचा छोटा बेयोनेट. आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या पार्किंग लाइटला लागणारा १२ व्होल्ट ४ वॅटचा बल्ब त्याच बुडाचा आणि तेवढ्याच करंटचा. अमेरिकेहून मागवायची गरज नाही.

स्पीकरच्या प्लगपाशी थोडं थांबा. पितळी पिना बहुधा हिरव्या पडलेल्या असतात, आणि वरून चकचकीत दिसल्या तरी आत बसणाऱ्या खाचेत तोच हिरवा थर असतो. आगकाडीला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून खाच आतून घासा, पिन बाहेरून घासा, खाच ढिली असेल तर पकडीनं किंचित आवळा. ही जोडणी लूज राहिली तर खड्ड्यागणिक स्पीकर तुटतो आणि जुळतो, म्हणजे वर सांगितलेलं पहिलं पाप तुमच्या नकळत दर दोन मिनिटांनी घडत राहतं. प्लग कापून तारा पिळून टेप लावणं हा उपाय नाही. मूळ प्लग कापलेला असेल तर सोल्डर आणि हीट-श्रिंक स्लीव्ह. स्पीकरची गरम (सिग्नलची) तार कुठे सोलून पत्र्याला टेकत नाही ना, तेही बघा, कारण तिथे शॉर्ट म्हणजे थेट आउटपुट शॉर्ट.

अर्थ. सेटच्या मागची पट्टी डॅशबोर्डाच्या लोखंडाला बोल्टनं बसते आणि पेंटरनं तिथेही दोन हात मारलेले असतात. रंग खरवडा, दातेरी वॉशर टाका, वर एक वेगळी दीड चौरस मिलिमीटरची अर्थ तार दिलीत तर उत्तम. ती पट्टी रंगावर बसली तर सेट बंद पडत नाही, हीच गोम आहे. करंट अँटेनाच्या केबलच्या जाळीतून परत जातो, रेडिओ वाजतो, आणि इंजिनाचा सगळा कचरा स्पीकरमध्ये ऐकू येतो. मग माणूस फिल्टरवर फिल्टर लावत बसतो. खात्री करायला सेट चालू ठेवून मीटरची एक पिन डब्याला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला: ०.१ व्होल्टच्या आत हवं.

बसवताना क्रम असा: आधी अँटेना, मग स्पीकर, मग स्पीकरची पिन ते डबा मीटरनं तपासा, काही ओहम दाखवलेच पाहिजेत. शून्य किंवा अनंत दाखवलं तर थांबा. पॉवर सगळ्यात शेवटी. मागची पट्टी बसल्यावरच नॉबचे नट आवळा, नाहीतर डायलचा चेहरा तिरका होतो.

अँटेना, म्हणजे निम्मा रेडिओ

एएमच्या गाडीतल्या अँटेनाची केबल टीव्हीच्या केबलसारखी दिसते, पण तशी नसते. तिच्यात केसाएवढी बारीक तार पोकळ नळीत सैल पडलेली असते, म्हणजे कपॅसिटन्स (तार आणि जाळी यांच्यात विद्युतभार साठण्याची क्षमता) कमी राहावा. ही अँटेना एएमच्या लहरीच्या मानानं अगदीच तोकडी, तिचा सिग्नल जेमतेम, आणि केबलचा कपॅसिटन्स तो जमिनीत घालवतो. मूळ केबल लांबीच्या दर मीटरला ३० पिकोफॅरडच्या घरातली. नेहमीची ५० ओहमची केबल १०० च्या घरातली. दीड-दोन मीटर तसली केबल लावली की जवळचं स्टेशन वाजतं, बाकी डायलभर खरखर. जुन्या पद्धतीची कार अँटेना तिच्या केबलीसकट घ्या. प्लग तोच जुना मोटोरोला पद्धतीचा, बरोबर बसतो.

तपासणी तीन मापांत होते. काठी ते प्लगची मधली पिन: एक ओहमच्या आत. प्लगची बाहेरची कडी ते गाडीचा पत्रा: तेवढंच. मधली पिन ते कडी: अनंत. इथे हजारात ओहम दाखवत असतील तर फेंडरमधल्या बुडाशी पाणी आणि माती साचलीय. कोकणात पावसाळ्यानंतर हे हमखास. बूड काढून सुकवा, रबराची गादी बदला.

मग ट्रिमर, म्हणजे सेटला अँटेनाशी जुळवणारा छोटा कंडेन्सर. अँटेनाच्या सॉकेटशेजारी किंवा ट्यूनिंगच्या नॉबमागे एक छोटा स्क्रू असतो. काठी पूर्ण वर, काटा डायलवर १४० च्या (म्हणजे १४०० किलोहर्ट्झच्या) जवळ, एखादं क्षीण स्टेशन किंवा नुसती खरखर लावा आणि स्क्रू अगदी हळू फिरवा. आवाज वाढत जाऊन एका जागी शिखर गाठतो आणि पुढे उतरतो. त्या शिखरावर सोडा. शिखर सापडतच नाही, स्क्रू शेवटाला लागला तरी आवाज वाढतोच आहे, तर ट्रिमरला दोष देऊ नका, केबल चुकीची आहे.

खरखर कुठून येते

एकच प्रयोग करा. इंजिन चालू ठेवून अँटेनाचा प्लग उपटा. खरखर थांबली तर ती हवेतून, अँटेनातून येतेय. तशीच राहिली तर पॉवरच्या तारेतून.

हवेतून येणारी, इंजिनाच्या वेगाबरोबर टिक-टिक वाढणारी: प्लगच्या हाय-टेन्शन वायर बघा. मूळ गाडीत रोध असलेल्या वायर होत्या. आपल्याकडे ‘जास्त करंट जातो’ म्हणून तांब्याच्या टाकतात. रोधाच्या वायर किंवा रोधाचे स्पार्क प्लग लावा. बॉनेट आणि फायरवॉलमध्ये विणलेली अर्थ पट्टी दिली की अजून फरक पडतो. तारेतून येणारी, शिट्टीसारखी चढणारी: अल्टरनेटरच्या बॅटरी टोकाला ०.५ मायक्रोफॅरडचा सप्रेशन कंडेन्सर, कॉइलच्या बॅटरीकडच्या टोकाला दुसरा. कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला लावलात तर गाडीच नीट चालणार नाही. डायनामोच्या जुन्या गाडीत तो आर्मेचरच्या टोकाला लावतात, फील्डच्या टोकाला कधीच नाही, व्होल्टेज रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. पण हे सगळं करायच्या आधी सिगारेट लायटरमधला मोबाइल चार्जर काढून बघा. एएमचा त्याच्याएवढा वैरी दुसरा नाही, आणि स्वस्त एलईडी दिवे त्याचे चुलतभाऊ.

दुसऱ्या वयाच्या गाड्यांबद्दल थोडक्यात. शेव्हरोले १९५५ साली १२ व्होल्टवर आली. त्याआधीचे सेट ६ व्होल्टचे, व्हायब्रेटरवाले (बॅटरीचा करंट सतत तोडून-जोडून ट्रान्सफॉर्मरला देणारा थरथरता स्विच). त्यात बफर कंडेन्सर, १६०० व्होल्टचा, सेट चालू करण्याच्या आधी बदला, तो शॉर्ट झाला की व्हायब्रेटर आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही घेऊन जातो. आणि मॉरिससारख्या इंग्रजी गाड्या बऱ्याचदा पॉझिटिव्ह अर्थच्या असतात, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक पत्र्याला. तिथे निगेटिव्ह अर्थचा ट्रान्झिस्टर सेट जोडला तर एकदाच वाजतो, तोही पटकन्.

सगळं बसल्यावर बटणं लावायची. डायलवरच्या आकड्यांचा शेवटचा शून्य छापलेला नसतो, १०० म्हणजे १००० किलोहर्ट्झ. मुंबईचं ५५८ डावीकडे अगदी कडेला, पुण्याचं ७९२ हे ८० च्या किंचित अलीकडे, मुंबईचं १०४४ हे १०० च्या थोडं पुढे. आपली केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतरानं, अमेरिकेची १० च्या, पण हा काटा सरकता असल्यानं त्याला काही फरक पडत नाही. पुढच्या काळातल्या अमेरिकन डिजिटल सेटला पडतो. नॉबनं स्टेशन नीट लावा, बटण बाहेर ओढा, मग एका दमात पूर्ण आत दाबा. अर्धवट दाबलं तर काटा शेजारच्या खरखरीवर जाऊन बसेल.